न्यूझीलंडचा प्लॅन: आधी पाऊस बघायचा, मग नकाशा

मार्चचं पक्कं झालंय. होळी गावाला करायची आणि मगच निघायचं, त्याआधी मला कोणी हलवू नका असं दादानं सांगून टाकलं, आणि त्याचं बरोबरच आहे, तोवर कापसाची शेवटची वेचणी होऊन गेलेली असते, हरभरा घरात आलेला असतो आणि शेतात त्याच्यावाचून काही अडत नाही. तर आम्ही चौघं, मी, बायको, दादा आणि वहिनी, न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडला जातोय, भाड्यानं गाडी घेऊन, स्वतः चालवत, बर्फाचे ग्लेशियर म्हणजे हिमनद्या आणि समुद्र दोन्ही एकाच फेरीत बघायला. कितीतरी महिने रात्री जेवणं झाली की नकाशा उघडून बसतोय आणि जे जे कळलं ते इथं लिहून ठेवतोय, जळगाव-धुळे-नंदुरबारकडून अजून कोणी जाणार असेल तर त्याच्या कामी येईल.

तिकडेच का, हे सगळे विचारतात. आपल्याकडे हिमालयात ग्लेशियर आहेत की, मग एवढ्या लांब कशाला. तर गंगोत्रीचं गोमुख बघायचं म्हटलं तर ते ४,००० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि गंगोत्रीपासून १८ किलोमीटर चालत जावं लागतं, वहिनीच्या गुडघ्यांना ते होणार नाही आणि आम्हाला तिला मागे ठेवून जायचं नाही. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स नावाचे दोन ग्लेशियर असे आहेत की ते ३,००० मीटरच्या डोंगरांवरून निघतात आणि थेट हिरव्यागार जंगलापर्यंत खाली येतात, तिथून समुद्र जेमतेम वीसेक किलोमीटर. हायवे त्यांच्या पायथ्याच्या गावांतून जातो. सकाळी बर्फ बघायचा आणि संध्याकाळी त्याच दिवशी समुद्राच्या काठावर बसायचं, असं जगात फार थोड्या ठिकाणी जमतं.

हे मी दादाला मोठ्या उत्साहानं सांगत होतो तर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तठे पानी कितलं पडस?"

शेतकरी माणूस, पहिला प्रश्न पावसाचाच येणार, आणि खरं सांगतो अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच निघाला. जळगावला वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, धुळ्याला त्याहून कमी. फ्रान्झ जोसेफ गावात पडतो ५,००० मिलीमीटरच्या आसपास. दादा म्हणाला, "मंग आपले तठे भिजालेच जानं शे का?" आणि मग मी त्याला समजावता समजावता माझं मलाच नीट समजलं की हे सगळं आपल्याला माहितीच आहे, फक्त आपण ते उलट्या बाजूनं बघत आलोय. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, इगतपुरीला ३,००० मिलीमीटरच्या वर पडून जातो आणि मागे खान्देशाच्या वाट्याला उरलेलं येतं. तिकडेही तसंच, पश्चिमेला टास्मान समुद्र, त्यावरून सतत वाहणारा ओला वारा, आणि समोर सदर्न आल्प्सची भिंत, जी आपल्या सह्याद्रीच्या दुप्पट-तिप्पट उंच आहे. अडलेले ढग खाली पाऊस म्हणून आणि वर बर्फ म्हणून पडतात आणि डोंगराच्या पलीकडे, पूर्वेला, ख्राइस्टचर्चला वर्षाचा पाऊस ६०० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास आपल्याएवढाच! आम्ही विमानातून उतरणार ते पर्जन्यछायेत आणि गाडीनं डोंगर ओलांडून जाणार ते पावसाच्या बाजूला, धुळ्याहून नाशिकमार्गे कसारा घाटाकडे जावं तसं.

आणि त्या पावसामुळेच ते ग्लेशियर तिथे आहेत. वर डोंगरमाथ्यावर पसरट मोठी खोलगट जागा आहे, तिथे प्रचंड बर्फ साठतो, दाबून दाबून घट्ट होतो, आणि खाली उतरायला वाट मात्र एक अरुंद उभी दरी, नरसाळ्यात वरून ओतत राहावं तसं. वरून एवढं वजन येत राहतं की बर्फ वितळायच्या आधी खूप खालपर्यंत येऊन पोचतो, म्हणूनच तो अशा ठिकाणी दिसतो जिथे आजूबाजूला नेच्यांची झाडं वाढलेली असतात. पाऊस नसता तर बघायला जायला काही उरलंच नसतं. त्यामुळं माझं आता पक्कं मत झालंय की या भागाचा प्लॅन किलोमीटर मोजून करायचाच नाही, पावसावर करायचा.

लोकांचे प्लॅन वाचले तर बहुतेकांनी फ्रान्झ जोसेफला एकच रात्र ठेवलेली दिसते, संध्याकाळी पोचायचं, सकाळी ग्लेशियर बघायचा आणि अकरा वाजता पुढे. आता ज्या गावात एवढा पाऊस पडतो तिथे ती एकच सकाळ कोरडी निघेल असं धरून चालायचं म्हणजे काय. ढग खाली आले की डोंगर दिसत नाही, ग्लेशियर दिसत नाही, हेलिकॉप्टर उडत नाही, आणि तुम्ही एवढ्या लांबून येऊन मोटेलच्या खिडकीतून धुकं बघून पुढे निघता. म्हणून आम्ही तिथे जास्तीच्या रात्री ठेवल्यात आणि त्यातला एक दिवस पूर्ण रिकामा. त्या दिवशी काहीही बुक करायचं नाही. बायकोला हे आधी पटत नव्हतं, एवढे पैसे भरून जायचं आणि दिवस रिकामा ठेवायचा हे कुणालाही खटकेलच, पण तिला मी २०१९ चं सांगितलं आणि मग तीच म्हणाली की रिकामा दिवस राहू द्या.

२०१९ चं असं की मार्च महिना तिकडे तसा बराच शांत समजला जातो. आपल्या उलटे ऋतू, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, मार्चपासून त्यांचा शरद सुरू होतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या वसंतात असतो म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीचा विचार आम्ही सोडून दिला. तर अशा शांत मार्चमध्ये, २६ मार्च २०१९ ला, फ्रान्झ जोसेफ गावाला लागून जी वाइहो नदी आहे तिच्यावरचा हायवेचा पूल पुरात अख्खा वाहून गेला. त्याच किनाऱ्यावरच्या हॉकिटिका गावाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नदीच्या खोऱ्यात त्या वेळी ४८ तासांत १,०८६ मिलीमीटर पाऊस मोजला गेला, तो त्या देशाचा विक्रम आहे. आपला दीड वर्षाचा पाऊस दोन दिवसांत. पूल १८ दिवसांत पुन्हा उभा केला त्यांनी, हे कौतुकाचंच आहे, पण तेवढे दिवस त्या किनाऱ्यावरून खाली जायला दुसरा रस्ताच नव्हता, कारण तिथे रस्ता एकच, स्टेट हायवे ६. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. फ्रान्झहून २४ किलोमीटरवरच्या फॉक्सला जायचं तर सगळ्या बेटाला वळसा. त्याच वादळात फॉक्स ग्लेशियरच्या दरीत जाणारा रस्ता दरडीनं मोडला आणि तो पुन्हा सुरू झालाच नाही, आता तो ग्लेशियर दक्षिणेकडच्या पायवाटेवरून लांबून बघायचा. रोज असं होत नाही हे मलाही कळतं, पण त्या किनाऱ्यावर हातात मोकळा वेळ असलेला माणूसच सुखात फिरतो.

ग्लेशियर जवळून दिसेल का, तर याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण जुने फोटो बघून जाणाऱ्यांचा हिरमोड होतो. १९८३ ते २००८ या काळात हे दोन्ही ग्लेशियर मधूनमधून चक्क पुढे सरकत होते, तेव्हा पायी जाऊन बर्फावर पाय ठेवता यायचा. २००८ नंतर ते इतक्या झपाट्यानं मागे गेले की फ्रान्झ जोसेफवर दरीतून चालत बर्फावर नेणाऱ्या गाइडच्या फेऱ्या २०१२ ला बंद झाल्या. बर्फ मागे सरला की दरीच्या कडांचा आधार जातो, दगड कोसळत राहतात, नदी पात्र बदलते. आता बर्फावर उतरायचं तर हेलिकॉप्टर, दुसरा मार्ग नाही. त्याला माणशी शेकडो न्यूझीलंड डॉलर लागतात. आम्ही त्यावर बरीच चर्चा केली आणि ठरवलं की हा खर्च करायचा, हॉटेलं साधी घेऊ, पण हे करायचं. दादा आज साठीच्या जवळ आहे, जन्मभर तापीकाठच्या उन्हात राबलाय, मे महिन्यात ४५ अंशांत केळीला पाणी देणाऱ्या माणसाला एकदा तरी त्या निळ्या बर्फावर उभं राहिलेलं मला बघायचंय. हेलिकॉप्टरचं बुकिंग पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं करायचं, शेवटच्या दिवसाचं अजिबात नाही, म्हणजे हवेमुळं रद्द झालं तर पुढचा रिकामा दिवस हाताशी राहतो. सकाळी ढग कमी असायची शक्यता जास्त. आणि काहीच जमलं नाही तर सेंटिनेल रॉक नावाची टेकडी आहे, वीसेक मिनिटांची चाल, तिथून दरी आणि वरचा बर्फ दिसतो, तेवढं वहिनीलाही आरामात जमेल.

या ग्लेशियरला तिथल्या माओरी लोकांचं नाव आहे, का रोइमाता ओ हिने हुकातेरे. हिने हुकातेरेला डोंगर चढायची भारी आवड, तिनं तिच्या प्रियकरालाही सोबत नेलं आणि तो कडा कोसळून आलेल्या बर्फात गेला, ती रडली आणि तिचे अश्रू गोठून हा ग्लेशियर झाला अशी त्यांची कथा आहे. फ्रान्झ जोसेफ हे नाव १८६५ ला युलियस फोन हास्ट या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञानं ऑस्ट्रियाच्या सम्राटावरून ठेवलं. मला हिने हुकातेरेचीच कथा जवळची वाटते. आपल्याकडेही सातपुड्यात प्रत्येक डोंगराची कुणीतरी देवी आहेच ना.

आता रस्ता. ख्राइस्टचर्चला माझा मामेभाऊ राहतो, पहिली रात्र त्याच्याकडे काढायची, त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही असं त्यानं बजावलंय. इथून थेट विमान नाही, कुठेतरी बदलूनच जावं लागतं, वर घड्याळ साडेसात तास पुढे, मार्चमध्ये त्यांचं उन्हाळी घड्याळ चालू असतं, अशा अवस्थेत झोपाळलेल्या डोळ्यांनी परक्या देशात स्टिअरिंग धरणं म्हणजे चौघांचा जीव टांगणीला. दुसऱ्या दिवशी स्टेट हायवे ७३ नं आर्थर्स पासच्या घाटातून पश्चिमेला. घाट ९२० मीटर उंचीवर, पलीकडे उतरताना ओटिरा व्हायाडक्ट म्हणून ४४० मीटरचा पूल लागतो, १९९९ ला बांधलेला, कारण आधीचा रस्ता सतत घसरणाऱ्या दगडांवरून जायचा. या घाटात किआ नावाचे डोंगरी पोपट असतात, मोठे, हिरवे, फार हुशार आणि गाडीचं रबर सोलून काढायची त्यांना हौस, वायपर आणि खिडकीच्या पट्ट्या कुरतडतात. त्यांना खायला द्यायचं नसतं, माणसाच्या खाण्यानं ते आजारी पडतात आणि माणसाच्या मागे लागतात, वहिनीला हे आत्ताच सांगून ठेवलंय कारण तिला कुठलंही पाखरू दिसलं की ती पदरातलं काहीतरी काढतेच.

खाली उतरल्यावर बहुतेक जण डावीकडे हॉकिटिकाला वळतात. आम्ही आधी उजवीकडे ग्रेमाउथला जाऊन पुढे ४५ किलोमीटर पुनाकाइकीला जाणार आणि परत येणार. तिथे पॅनकेक रॉक्स आहेत, चुनखडीचे थरावर थर, ३ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेले, आणि समुद्रानं त्यांच्या पोटात भोकं पाडलीत, भरतीला लाट आत घुसली की वरच्या भोकांतून पाणी धडाक्यानं उडतं. आपला खान्देश सगळा काळ्या बसाल्टचा, चुनखडीचे असे उभे कडे मी तर पाहिलेच नाहीत. पण इथेही वेळ बघूनच जायचं, ओहोटीला गेलात तर दगड दिसतील, कारंजी नाही. समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना भरती-ओहोटीचा हिशोब करायची सवय नसते, म्हणून सांगतो, भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, तिचं वेळापत्रक आधीच मिळतं, त्या दिवसाची भरती कितीला आहे ते बघून मग ख्राइस्टचर्चहून किती वाजता निघायचं ते मागे मोजत यायचं. वाटेत थांबत गेलं तर पाच-सहा तास सहज जातात.

मग हॉकिटिका, तिथे किराणा आणि भाजी भरून घ्यायची, कारण पुढच्या गावांत दुकानं छोटी आणि महाग. गावाच्या मागे हॉकिटिका गॉर्ज म्हणून घळ आहे तिथलं पाणी निळसर दुधाळ दिसतं, ते ग्लेशियरनं दळलेल्या दगडाच्या पिठामुळं, बर्फ सरकताना खालचा खडक इतका बारीक दळतो की ते पीठ पाण्यात तरंगतच राहतं. पाऊस पडून गेला असेल तर तेच पाणी राखाडी होतं, म्हणजे हेसुद्धा पावसावरच. तिथून फ्रान्झ १३५ किलोमीटर. फ्रान्झ ते फॉक्स २४, नकाशात काहीच नाही पण वळणांचा रस्ता आहे, अर्धा तास धरायचा. फॉक्सजवळ मॅथेसन तळं आहे, जंगलातल्या पाल्यापाचोळ्यामुळं त्याचं पाणी काळपट असतं आणि म्हणून त्यात आओराकी म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर, त्या देशातलं सगळ्यात उंच शिखर, आणि शेजारचं माउंट टास्मान यांचं प्रतिबिंब पडतं. वारा सुटायच्या आत, उजाडता उजाडता पोचायचं. तळ्याभोवती फेरी मारायला दीड तास.

फॉक्स ते हास्ट १२० किलोमीटर. हा तुकडा मला सगळ्यात जास्त ओढ लावून बसलाय, कारण इथे रस्ता जंगल आणि समुद्र यांच्या मधून जातो आणि माणूस जवळपास नाहीच. हा रस्ता पूर्ण जोडला गेला १९६५ ला, तोवर इकडची माणसं तिकडे गाडीनं जाऊच शकत नव्हती. नाइट्स पॉइंट म्हणून जिथे कड्यावरून समुद्र दिसतो त्या जागेला रस्त्याची आखणी करणाऱ्या सर्व्हेयरच्या कुत्र्याचं नाव दिलंय. पुढे शिप क्रीकला दलदलीतल्या उंच झाडांमधून लाकडी पायवाट आहे, एका बाजूला जंगल, एका बाजूला वाळूच्या टेकड्या आणि समुद्र. फॉक्सला टाकी फुल्ल करायची, मध्ये पेट्रोलचा भरवसा धरायचा नाही, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवायचा. आणि सँडफ्लाय! डासापेक्षा लहान काळी माशी, चावली की दिवसेंदिवस खाज जात नाही असं सगळे सांगतात, समुद्राकाठी आणि ढगाळ हवेत जास्त, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लावायचं औषध सोबत पाहिजेच.

हास्टहून घाट चढून वानाका, मग लिंडिस पासवरून आओराकीच्या पायथ्याला. एकदा डोंगर ओलांडला की जंगल संपतं आणि पिवळं कोरडं गवत सुरू होतं, दादाला तिथे घरच्यासारखं वाटेल. इथे टास्मान ग्लेशियर आहे, २३ किलोमीटरच्या आसपास लांब, देशातला सगळ्यात मोठा, आणि याचं टोक एका तळ्यात बुडालेलं आहे ज्यात हिमनग तरंगतात. १९७० च्या आधी ते तळंच नव्हतं! बर्फ वितळत गेला आणि तळं झालं, दरवर्षी मोठं होतंय. २२ फेब्रुवारी २०११ ला ख्राइस्टचर्चला जो भूकंप झाला त्याच्या हादऱ्यानं इथे जवळपास ३ कोटी टन बर्फ तुटून तळ्यात पडला. तीनशेवर पायऱ्या चढून वरून ते दिसतं, पायऱ्या आहेत म्हणून वहिनीचा हात धरून हळूहळू जाऊ. एडमंड हिलरींनी एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी, १९४८ ला, आओराकीची दक्षिणेकडची धार चढली होती, त्या डोंगराकडे नुसतं बघत बसायला एक संध्याकाळ ठेवलीय. मग वाइताकीच्या खोऱ्यातून पूर्व किनाऱ्याला ओमारू, तिथे संध्याकाळी छोटे निळे पेंग्विन समुद्रातून घरट्याकडे येतात, आणि ४० किलोमीटर खाली मोएराकीचे गोल दगड, वाळूत पडलेले, काही माणसाच्या उंचीचे, समुद्रतळाच्या चिखलात लाखो वर्षं थर चढत तयार झालेले. इथे पुनाकाइकीच्या उलट, ओहोटीला जायचं. तिथून ख्राइस्टचर्च आणि फेरी पूर्ण.

मिलफर्ड साऊंड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेला समुद्राचा फाटा, तो मी काढून टाकलाय आणि यावरून घरात बरंच बोलणं झालं. क्वीन्सटाउनहून एका बाजूला २९० किलोमीटर, चार तास, त्यात तोही घाट पावसाचाच. ते धरलं तर ग्लेशियरजवळचा रिकामा दिवस जातो. दोन्ही होत नाही. ज्यांच्याकडे तीन आठवडे आहेत त्यांनी जरूर जावं, आमच्याकडे तेवढे नाहीत आणि मला धावत धावत पाच जागा बघण्यापेक्षा तीन जागी थांबायचंय.

गाडी चालवायचं म्हणाल तर तिकडेही डावीकडूनच, स्टिअरिंग उजवीकडे, आपलं लायसन्स इंग्रजीत आहे म्हणून चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घेतोय. हायवेला १०० ची मर्यादा, गावात ५०. एकपदरी पूल भरपूर आहेत, तिथे पाटीवरचे बाण बघायचे, लाल गोलात छोटा लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण थांबायचं आणि समोरच्याला येऊ द्यायचं, लाइट मारून घुसायचं नाही. मागे गाड्या साचल्या तर बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यायचं, त्यासाठी रस्त्याला वेगळ्या जागा केलेल्या असतात. रात्री चालवायचं नाही हे आमचं आम्हीच ठरवलंय. इमर्जन्सीचा नंबर १११.

खाण्याचं सगळ्यात नाजूक. वहिनीनं यादी केली होती, कळण्याचं पीठ, बिबड्या, काळा मसाला, शेव, केळीचे वेफर्स, लोणचं, तूप, घरचा मध. त्यांचे एअरपोर्टवरचे नियम फार कडक आहेत आणि का आहेत ते दादाला एका वाक्यात कळलं, बाहेरचा एक किडा किंवा रोग आला तर त्यांची अख्खी शेती जाईल. मध अजिबात चालत नाही, दुधाच्या पदार्थांचेही नियम आहेत, बी-बियाणं नाही. जे काही खायचं नेतोय ते फॉर्ममध्ये लिहायचंच, लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर. त्यामुळं मध आणि तूप घरीच, बाकी सगळं पॅकबंद, विकतचं, वर नाव छापलेलं. फॉर्मवर असंही विचारतात की गेल्या ३० दिवसांत जनावरांजवळ किंवा जनावरांच्या शेतावर गेलात का, दादाच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत तेव्हा त्यानं हो लिहायचं आणि शेतातले बूट न्यायचे नाहीत, तळाला काळी माती अडकलेली असते, नवीन घ्यायचे किंवा पार घासून धुवायचे. हॉलिडे पार्क नावाच्या मुक्कामाच्या जागी सगळ्यांना वापरायला स्वयंपाकघर असतं, भांडी बहुतेक ठिकाणी असतात, म्हणून शक्य तिथे तेच बुक करतोय, संध्याकाळी पाऊस लागला तर गरम शेवभाजी आणि भात, वहिनीची अर्धी काळजी मिटली.

आता व्हिसाचे कागद जमवणं चालू आहे, ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यासोबत टुरिस्टकडून घेतात ते १०० डॉलर वेगळे. दादाच्या पासपोर्टवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यात वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र या आठवड्यात करून घेतोय. व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं एकही बुकिंग करणार नाहीये, फ्रान्झ जोसेफच्या रात्री तेवढ्या धरून ठेवल्यात, त्या रद्द करता येतात. हेलिकॉप्टरची वेळ व्हिसानंतर लगेच. तिथे जाऊन आलेलं कोणी असेल तर मला एवढंच सांगा की हास्टला मुक्काम करावा की सरळ वानाकापर्यंत जावं, माझं मन हास्टकडे झुकतंय पण सँडफ्लायचं ऐकून वहिनी तयार नाहीये.